स्क्रीनशॉट झटपट काढायचे तर नेमकं कोणतं बटण?

निळीशाई (धागाकर्ती)

एका ऑनलाइन अर्जप्रणालीची मराठी मार्गदर्शिका तयार करायची आहे. प्रत्येक पायरीचं चित्र द्यायचं, म्हणजे स्क्रीनशॉट भरपूर लागणार. यंत्रं मिश्र आहेत : काही विंडोज १०, काही विंडोज ११, एक मॅक.

अपेक्षा अशा :
१. माउसला शक्यतो हात लावायचा नाही.
२. चित्र थेट फाइल म्हणून साठवलं जावं, दर वेळी पेंट उघडून पेस्ट-सेव्ह नको.
३. फक्त चालू खिडकी यावी. खालची टास्कबार, शेजारचे टॅब यातलं काही नको.
४. मराठी मजकूर वाचता यावा.

माझं सध्याचं मत असं की विंडोज बटण + प्रिंट स्क्रीन एवढं पुरतं, वेगळं सॉफ्टवेअर कशाला? पण त्यात अख्खा पडदा येतो, तिसरी अट मोडते. जाणकारांनी सांगावं.

---

गणकयंत्र

विंडोजमध्ये मूळ चार जोड्या आहेत. आधी त्यांचा हिशेब लावू.

नुसतं प्रिंट स्क्रीन : अख्खा पडदा क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं ती जागा). फाइल बनत नाही. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर दोन्हींचं मिळून एकच लांबलचक चित्र येतं.

ऑल्ट + प्रिंट स्क्रीन : फक्त चालू खिडकी, पण हीसुद्धा क्लिपबोर्डवरच.

विंडोज + प्रिंट स्क्रीन : अख्खा पडदा थेट पीएनजी फाइल म्हणून. पडदा क्षणभर मंद होतो, ती फाइल बनल्याची खूण. जागा : पिक्चर्स फोल्डरमधलं 'स्क्रीनशॉट्स'. ही सोय विंडोज ८ पासूनची.

विंडोज + शिफ्ट + एस : पडदा धूसर होतो आणि हवा तो भाग निवडता येतो. ही जोडी विंडोज १० मध्ये २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून आहे. चौकोन, मोकळा आकार, खिडकी आणि अख्खा पडदा असे पर्याय वरच्या पट्टीत दिसतात.

तुमच्या पहिल्या तीन अटी एकदम पूर्ण करणारी जोडी या चारांत नाही, म्हणूनच अडतंय.

---

रानजाई

वरच्या यादीत एक दुरुस्ती. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की स्निपिंग टूलची (विंडोजच्या स्क्रीनशॉट साधनाची) धूसर पट्टीच उघडते. जुनं वागणं परत हवं असेल तर सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > कीबोर्ड इथे प्रिंट स्क्रीनचं बटण सापडेल, ते बंद करा. "बटण बिघडलं" म्हणून येणाऱ्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

---

तळटीप

धागाकर्तीच्या मताशी असहमत. एकच जोडी सगळीकडे वापरायची म्हटली की वेळ जातो तो चित्र काढल्यानंतर, कापाकापीत. आधी एवढंच ठरवा : चित्र कुठे जाणार आहे? ईमेल, चॅट किंवा वर्डमध्ये लगेच जाणार असेल तर क्लिपबोर्ड. जपून ठेवायचं, क्रमाने लावायचं असेल तर फाइल. बटण त्यावरून आपोआप ठरतं.

क्लिपबोर्डवाल्यांसाठी विंडोज + व्ही फार मोलाचं आहे (विंडोज १०, ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून). पहिल्यांदा दाबल्यावर ते 'सुरू करू का' असं विचारतं. एकदा सुरू केलं की शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात, चित्रांसकट. म्हणजे ऑल्ट + प्रिंट स्क्रीन पाच-सहा वेळा एकापाठोपाठ दाबायचं, मग वर्डमध्ये जाऊन विंडोज + व्ही, बाणाने हवं ते चित्र निवडून एंटर. सगळं कीबोर्डवरून.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. एका गोष्टीला ४ एमबीची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या मॉनिटरवरचं रंगीबेरंगी चित्र कधीकधी यादीत दिसतच नाही. आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की पिन न केलेलं सगळं जातं.

---

पाटीपेन्सिल

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. पुष्कळ लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीन दुसऱ्या बटणाच्या पोटात असतं आणि त्याला एफएन लागतं. म्हणजे एफएन + प्रिंट स्क्रीन, चालू खिडकीसाठी एफएन + ऑल्ट + प्रिंट स्क्रीन. काहींवर उलट असतं : एफएनशिवाय स्क्रीनशॉट, एफएनसह दुसरं काम. बटणावर दोन अक्षरं छापलेली असतील तर दोन्ही करून पाहा.

प्रिंट स्क्रीन मुळातच नसलेल्या काही कीबोर्डवर एफएन + विंडोज + स्पेस चालतं. इथे मराठी टंकणाऱ्यांची फसगत होते. विंडोज + स्पेस हे भाषा बदलायचं बटण. एफएन नीट दाबलं गेलं नाही तर स्क्रीनशॉट येत नाहीच, उलट कीबोर्ड इंग्रजीवरून मराठीवर जातो आणि पुढचा पासवर्ड चुकतो. आधी एफएन दाबून धरा, मग बाकीची दोन.

हेही जमत नसेल तर विंडोज + कंट्रोल + ओ दाबा. पडद्यावर कीबोर्ड येतो, त्यावर प्रिंट स्क्रीन असतं. अर्थात तो कीबोर्ड स्वतःच चित्रात येऊ शकतो, तेव्हा त्याला कडेला सरकवा.

---

कुसुमाग्रज_नगर

मराठी कीबोर्ड चालू असताना विंडोज + शिफ्ट + एस चालतं का? एसच्या जागी तर मराठी अक्षर उमटतं.

---

पाटीपेन्सिल

@कुसुमाग्रज_नगर, विंडोजच्या इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण बटणरचना) मराठीत चालतं. अक्षर कोणतं उमटणार हे विंडोज नंतर ठरवतं, जोडीसाठी बटणाचा आतला क्रमांक बघतं आणि तो इंग्रजीसारखाच ठेवलेला आहे. चालत नसेल तर एखादं टंकलेखनाचं वेगळं सॉफ्टवेअर मधेच बटणं अडवत असण्याची शक्यता जास्त. ते तात्पुरतं बंद करून बघा.

---

धुळाक्षर

मॅकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सविस्तर लिहिते. तिथली व्यवस्था फार विचारपूर्वक बसवलेली आहे.

कमांड + शिफ्ट + ३ : अख्खा पडदा, थेट फाइल, ती डेस्कटॉपवर. दोन मॉनिटर असतील तर दोन वेगळ्या फाइली होतात (विंडोजसारखं एक लांब चित्र नाही).

कमांड + शिफ्ट + ४ : फुलीचा कर्सर येतो, ओढून भाग निवडायचा. निवड चुकीच्या जागी सुरू झाली तर सोडू नका. माउस दाबलेलाच ठेवून स्पेस धरा, अख्खा चौकोन जागचा हलवता येतो. शिफ्ट धरलं तर एकाच दिशेने वाढतो. ऑप्शन धरलं तर मध्यापासून चारी बाजूंना. सगळंच रद्द करायचं तर एस्केप.

हीच जोडी दाबून मग स्पेस दाबला की कर्सरचा कॅमेरा होतो. ज्या खिडकीवर क्लिक कराल ती नेमकी येते, भोवती मऊ सावलीसह. मार्गदर्शिकेत ही सावली नकोशी वाटते, प्रत्येक चित्राभोवती रिकामी जागा धरते. क्लिक करताना ऑप्शन धरा, सावली जाते.

फाइल नको, क्लिपबोर्ड हवा असेल तर कोणत्याही जोडीत कंट्रोल मिळवा.

कमांड + शिफ्ट + ५ : मॅकओएसच्या मोजावे आवृत्तीपासून (२०१८). खाली पट्टी येते. तिच्या ऑप्शन्समध्ये साठवायची जागा, ५ किंवा १० सेकंदांचा टायमर, माउसचा बाण दाखवायचा की नाही आणि 'शेवटची निवड लक्षात ठेवा' हे पर्याय आहेत. शेवटचा पर्याय निळीशाईंनी जरूर चालू करावा. एकदा चौकोन आखला की पुढच्या वेळी त्याच मापाचा, त्याच जागी येतो. एंटर दाबलं की काम झालं. चित्रं एका मापाची असली की पुस्तिका नीटस दिसते.

घाईत एक गोष्ट अडते. कोपऱ्यात लहान चित्र तरंगतं ना, ते जाईपर्यंत फाइल डेस्कटॉपवर दिसत नाही. ते उजवीकडे ढकललं की फाइल लगेच उतरते. नकोच असेल तर त्याच ऑप्शन्समध्ये ते बंद करता येतं.

आणि मिश्र यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं : रेटिना (मॅकच्या दाट पिक्सेलांच्या) पडद्यावरचा स्क्रीनशॉट लांबी-रुंदीत दिसतो त्याच्या दुप्पट पिक्सेलचा असतो. विंडोजच्या चित्राशेजारी ठेवलात तर बटणं दुप्पट मोठी वाटतील. वर्डमध्ये रुंदी सेंटिमीटरमध्ये ठरवून सगळ्यांना तीच द्या, टक्केवारीने कमी-जास्त करू नका.

---

उंबरठा

प्रिंट स्क्रीन दाबून प्रिंटरकडे बघणाऱ्यांनी इथे हजेरी लावावी. :)

---

गणकयंत्र

@उंबरठा, त्यांचं काही चुकत नाही! १९८१ च्या आयबीएम पीसीवर डॉसमध्ये शिफ्टसह हे बटण दाबलं की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरकडे जायचा. नाव तिथूनच आलं. क्लिपबोर्ड विंडोजबरोबर आला आणि बटणाचं काम बदललं, छापलेलं नाव तेच राहिलं.

---

निळीशाई

फार उपयोगी माहिती येते आहे, सगळ्यांचे आभार. आता नेमकी अडचण : अर्जात जिल्हा-तालुका-गाव अशी एकाखाली एक उघडणारी यादी आहे. यादी उघडी असलेलं चित्र हवं. ऑल्ट + प्रिंट स्क्रीनला हात लावला की यादी मिटते.

---

तळटीप

ऑल्ट हे स्वतःच मेनूचं बटण आहे, म्हणून ते दाबताच उघडी यादी मिटते. विंडोज बटणाचंही तेच, त्याने लक्ष दुसरीकडे जातं.

उपाय दोन. पहिला : रानजाईंनी सांगितलेली सेटिंग बंद करून नुसतं प्रिंट स्क्रीन. एकटं बटण यादीला हलवत नाही. अख्खा पडदा येतो, नंतर कापावं लागतं.

दुसरा : वेळ लावून काढणं. स्निपिंग टूल उघडा, घड्याळाच्या खुणेवरून विंडोज ११ मध्ये ३, ५ किंवा १० सेकंद निवडा (विंडोज १० च्या 'स्निप अँड स्केच'मध्ये ३ किंवा १०). 'न्यू' दाबा, परत अर्जात या, यादी उघडा, हात बाजूला. वेळ संपली की पडदा जसा आहे तसा गोठतो, मग निवांत चौकोन आखा. तीन याद्या एकामागून एक उघडायच्या तर ३ सेकंद पुरणार नाहीत, १० घ्या.

अवांतर, पण कामाचं : चूक झाल्याचा संदेश दाखवणारी विंडोजची साधी चौकट असेल तर स्क्रीनशॉटच काढू नका. चौकट समोर असताना कंट्रोल + सी दाबा. तिचं शीर्षक, मजकूर, बटणांची नावं अक्षररूपात क्लिपबोर्डवर येतात. मदत करणाऱ्याला तो मजकूर शोधता येतो, चित्रातला येत नाही. वेबपानावरच्या संदेशांना हे लागू नाही, तिथे मजकूर निवडूनच घ्यावा लागतो.

---

वाळवंटी_पाऊस

वाखूसा (वाचनखूण साठवली). कंट्रोल + सी बद्दल तर +१००.

---

बाराखडी

चौथ्या अटीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून लिहितो. मराठी चित्रं खराब दिसतात ती काढताना नव्हे, पुढच्या प्रवासात.

स्क्रीनशॉट पीएनजीच ठेवा. जेपीजी ही छायाचित्रांसाठीची पद्धत. ती चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि बारीक तपशील गाळते. पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे तर टोकाचा बदल, तिथे अक्षराभोवती करडा धुरळा उठतो. रोमन अक्षरं त्यातही वाचता येतात. देवनागरीत मात्र अनुस्वाराचा ठिपका, रफार, ऋकार हे दोन-तीन पिक्सेलांचे अवयव असतात. 'बँक'मधली चंद्रकोर आणि तिच्यातला ठिपका एकमेकांत मिसळतात, 'कृषी'तला ऋकार उकारासारखा दिसू लागतो. अर्जाच्या मार्गदर्शिकेत हे चालणार नाही.

म्हणून काढण्याआधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान १२५ किंवा १५० टक्क्यांवर न्या. अक्षराला जास्त पिक्सेल तेव्हाच मिळतात. लहान काढून नंतर ताणलं तर फक्त धूसरपणा मोठा होतो. काम झालं की कंट्रोल + ०, पान मूळ मापावर.

व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. फोटो म्हणून गेलेलं चित्र दाबलं जातं.

वर्ड फाइल सेव्ह करतानाही चित्रांचा दर्जा उतरवू शकतं. फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड > 'इमेज साइझ अँड क्वालिटी' इथे चित्रं न दाबण्याची खूण करा. ही सेटिंग त्या-त्या दस्तऐवजाची असते, नवी फाइल घेतली की पुन्हा बघा.

---

रानजाई

बाराखडींशी बहुतांशी सहमत, पण पीएनजीचा हट्ट सगळीकडे नको. पानावर मोठं छायाचित्र किंवा नकाशा असेल तर पीएनजी कित्येक एमबीची होते, आणि अर्ज चढवायच्या बऱ्याच संकेतस्थळांवर फाइलला काहीशे केबीचीच मुभा असते. तिथे जेपीजी लागतेच.

---

बाराखडी

@रानजाई, मान्य. पण तिथेही आधी नको तो भाग कापा, मग दर्जा उतरवा. रिकामी कडा आणि शेजारचा नकाशा कापला की पुष्कळदा पीएनजीच मर्यादेत बसते. जेपीजी करायचीच असेल तर मूळ पीएनजी जपून एकदाच करा. जेपीजी उघडून पुन्हा जेपीजी सेव्ह केली की दर वेळी थोडं अधिक झिजतं.

---

सडाफटिंग

लिनक्सवाले आले. :)

नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या ४२ व्या आवृत्तीपासून (२०२२, उबुंटू २२.०४ मध्ये हीच) प्रिंट स्क्रीन दाबलं की पट्टी उघडते : भाग, पडदा, खिडकी. आधी आखलेला चौकोन तसाच असतो, एंटर दाबलं की झालं. शिफ्ट + प्रिंट स्क्रीनने अख्खा पडदा लगेच, ऑल्ट + प्रिंट स्क्रीनने चालू खिडकी लगेच. आणि चित्र फाइल म्हणूनही साठतं, क्लिपबोर्डवरही जातं. निळीशाईंच्या पहिल्या तीन अटी एका जोडीत पूर्ण!

केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांकडे स्पेक्टॅकल हे साधन : मेटा + प्रिंट स्क्रीन चालू खिडकीसाठी, मेटा + शिफ्ट + प्रिंट स्क्रीन चौकोनासाठी. मेटा म्हणजे विंडोजची खूण असलेलं बटण.

जुनी स्क्रीनशॉटची सॉफ्टवेअरं वेलँडवर (लिनक्समध्ये खिडक्या पडद्यावर दाखवणारी नवी व्यवस्था) काळं चित्र देतात किंवा दर वेळी परवानगी मागतात. वेलँड कुठल्याही प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी परस्पर बघू देत नाही, त्यामुळे हे होतं. डेस्कटॉपबरोबर आलेलं साधनच वापरा, त्रास वाचतो.

---

कुसुमाग्रज_नगर

काळ्या चित्राचा विषय निघालाच आहे तर : विंडोजवर काही ठिकाणी खिडकीच्या जागी पूर्ण काळा चौकोन येतो. ग्राफिक्स कार्ड बिघडलं असेल का?

---

पाटीपेन्सिल

बहुतेक वेळा बिघाड नाही. विंडोज प्रोग्रामला 'माझी खिडकी कुठल्याही चित्रात येऊ देऊ नका' असं सांगायची सोय देतं. पैसे भरून बघायचे सिनेमे, काही परीक्षांची सॉफ्टवेअरं, गोपनीय कागदपत्रांचे दर्शक ती वापरतात. बटण बदलून उपयोग नाही, आणि ती अट मोडायच्या मागेही लागू नये. तोच काळा चौकोन साध्या नोटपॅडवर आला तर मात्र ग्राफिक्स ड्रायव्हर बघा.

---

उंबरठा

आता गंभीरपणे लिहितो. मार्गदर्शिकेत खऱ्या माणसाचा अर्ज वापरू नका. नमुन्याची माहिती भरून चित्रं काढा. ते शक्य नसेल तर झाकायची पद्धत काळजीपूर्वक निवडा.

धूसर करणं किंवा मोठे ठोकळे करणं आकड्यांसाठी सुरक्षित नाही. दर जागी शक्यता दहाच, ० ते ९. ठराविक फाँटमध्ये प्रत्येक आकडा धूसर केल्यावर कसा दिसतो हे ताडून मूळ आकडा शोधता येतो. पारदर्शक हायलायटर काळा करून फिरवणं त्याहून वाईट. वरून काळं दिसतं, उजळपणा वाढवला की आतलं वाचता येतं. भरीव, अपारदर्शक चौकोन लावा. आधार क्रमांक दाखवणं भागच असेल तर मास्क्ड आधारच्या धर्तीवर शेवटचे ४ आकडे ठेवा, बाकी ८ झाका.

आणि कापलेलं चित्र. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की विंडोज ११ चं स्निपिंग टूल आणि विंडोज १० चं स्निप अँड स्केच चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह करताना जुन्या फाइलचं शेपूट तसंच ठेवत होतं. चित्रात कापलेला भाग दिसायचा नाही, पण फाइलमध्ये उरायचा, आणि त्यातला काही भाग परत जुळवता येत होता. गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या चित्र कापायच्या साधनातही तोच दोष होता. मायक्रोसॉफ्ट आणि गुगल दोघांनी दुरुस्ती दिली. पण दुरुस्तीने आधीच बनलेल्या फाइली सुधारत नाहीत. त्या काळातली कापलेली चित्रं कुठे चढवली असतील तर काढून टाका, किंवा उघडून नव्या नावाने सेव्ह करून पुन्हा चढवा.

---

तळटीप

उंबरठा, उत्तम प्रतिसाद. एक जोड : वर्डमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये शाबूत असतो, 'रिसेट पिक्चर अँड साइझ' केलं की परत येतो. वर्डमध्ये चित्रावर काळा आकार ठेवला तर तोही उचलता येतो. झाकणं आणि कापणं चित्रातच करा, वर्डमध्ये आणल्यावर नको.

---

धुळाक्षर

लांब पान एका चित्रात हवं असेल तर खाली सरकवत तुकडे जोडू नका. फायरफॉक्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + एस, मग 'सेव्ह फुल पेज'. एजमध्येही हीच जोडी चालते. क्रोममध्ये कंट्रोल + शिफ्ट + आय, मग कंट्रोल + शिफ्ट + पी, आलेल्या चौकटीत इंग्रजीत 'स्क्रीनशॉट' टंका. 'फुल साइझ'चा पर्याय निवडून एंटर, फाइल डाउनलोड्समध्ये उतरते.

काढण्याआधी पान एकदा शेवटपर्यंत खाली नेऊन वर आणा. बरीच संकेतस्थळं खालची चित्रं तिथे पोचल्यावरच मागवतात, नाहीतर त्या जागी पांढरे चौकोन येतात. वर चिकटून राहणारी पट्टी कधी चित्राच्या मधेच उमटते, ती तेवढी कापावी लागते.

---

साखरझोप

मोबाइलवर कसा काढायचा तेही सांगा ना कुणीतरी.

---

रानजाई

@साखरझोप, त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर निळीशाईंचा प्रश्न तळाला जाईल.

---

गणकयंत्र

मूळ प्रश्नाकडे येतो. विंडोजवर, माउसशिवाय, फक्त चालू खिडकी, थेट फाइल.

पहिला मार्ग, काहीही न बसवता : विंडोज + ऑल्ट + प्रिंट स्क्रीन. ही गेम बारची (खेळ टिपायच्या विंडोजमधल्या साधनाची) जोडी आहे, पण खेळापुरती मर्यादित नाही. चालू प्रोग्रामची खिडकी पीएनजी होऊन व्हिडिओज फोल्डरमधल्या 'कॅप्चर्स'मध्ये जाते. फाइलच्या नावात खिडकीचं शीर्षक, तारीख आणि वेळ येते, त्यामुळे क्रम आपोआप लागतो. अडचणी तीन : डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर त्याला घेता येत नाहीत, कार्यालयीन यंत्रांवर गेम बार पुष्कळदा काढून टाकलेली असते, आणि उघडी यादी मिटण्याचा प्रश्न इथेही आहेच. विंडोज + जी दाबून बार येते का ते आधी बघा.

दुसरा मार्ग, शेअरएक्स हे स्क्रीनशॉटचं मोफत सॉफ्टवेअर. त्यात ऑल्ट + प्रिंट स्क्रीनला चालू खिडकी जोडलेलीच असते. 'आफ्टर कॅप्चर'मध्ये फक्त 'फाइल सेव्ह करा' ठेवा. चित्र इंटरनेटवर चढवण्याचा पर्याय न विसरता बंद करा, अर्जाची चित्रं बाहेर जाता कामा नयेत. नावाच्या साच्यात आपोआप वाढणारा क्रमांक घालता येतो. प्रकरणाचं नाव आणि क्रमांक असा साचा केला की फाइली लावत बसावं लागत नाही. बटणांच्या यादीत एखादी जोडी लाल दिसली तर ती दुसऱ्या कुणीतरी आधीच धरलेली असते. बहुधा स्निपिंग टूल किंवा वनड्राइव्ह. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये स्क्रीनशॉट परस्पर साठवण्याची खूण काढा.

तिसरा, ग्रीनशॉट हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर. शिफ्ट + प्रिंट स्क्रीनने मागचाच चौकोन पुन्हा निघतो. पहिल्यांदा एकदा माउसने आखा, पुढची सगळी चित्रं त्याच मापाची.

कोणताही मार्ग घ्या, सगळ्या यंत्रांवर पडद्याचं स्केलिंग एकच ठेवा (सेटिंग्ज > सिस्टिम > डिस्प्ले). एकावर १०० आणि दुसऱ्यावर १५० टक्के असेल तर तीच खिडकी वेगळ्या मापाची येणार.

---

निळीशाई

विंडोज + ऑल्ट + प्रिंट स्क्रीन एका यंत्रावर चाललं, नावंही छान क्रमाने लागली. ज्या यंत्रांवर गेम बार नाही तिथे शेअरएक्सची परवानगी मागते. उघड्या याद्यांसाठी १० सेकंदांचा टायमर. नमुना अर्जासाठी काल्पनिक माहितीही तयार करते आहे, उंबरठा यांचे विशेष आभार.

एक शेवटची शंका. काही पडदे रिमोट डेस्कटॉपवरून (दूरचा संगणक इथून चालवायची सोय) उघडतात. तिथे बटण दाबलं की चित्र इकडच्या यंत्रावर जातं की तिकडच्या?

---

गणकयंत्र

ते जोडणीच्या सेटिंगवर ठरतं. रिमोट डेस्कटॉप सुरू करण्याआधी 'शो ऑप्शन्स' > 'लोकल रिसोर्सेस' > 'कीबोर्ड' बघा. तिथे विंडोज बटणाच्या जोड्या कुठे लागू करायच्या ते निवडता येतं : इकडे, तिकडे, की फक्त पूर्ण पडद्यावर असताना तिकडे. नेहमीचा पर्याय तिसरा. म्हणून खिडकी लहान असताना विंडोज + प्रिंट स्क्रीन इकडच्या यंत्राचं चित्र काढतं आणि पूर्ण पडद्यावर तिकडच्या.

तिकडची फक्त चालू खिडकी हवी असेल तर कंट्रोल + ऑल्ट + अंकपट्टीवरचं वजाचं चिन्ह. तिकडचा अख्खा पडदा हवा असेल तर वजाऐवजी अधिकचं. दोन्ही क्लिपबोर्डवर जातात, फाइल बनत नाही. त्याच 'लोकल रिसोर्सेस'मध्ये क्लिपबोर्डवर खूण असेल तर ते चित्र इकडच्या वर्डमध्ये सरळ पेस्ट होतं.

---

पाटीपेन्सिल

लहान लॅपटॉपवर अंकपट्टी नसते, तिथे गणकयंत्र यांच्या या दोन जोड्या चालणार नाहीत. सरळ उपाय : रिमोट डेस्कटॉप पूर्ण पडद्यावरून लहान खिडकीत आणा (कंट्रोल + ऑल्ट + ब्रेक, किंवा वरच्या पट्टीवरचं बटण) आणि इकडच्या यंत्राचं विंडोज + शिफ्ट + एस वापरा.